‘इतर’ या रकान्यातली माणसं

किस्से कुणी साठवत नाही, ते साठतात. आमच्या सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर सुताची तूस उडते आणि खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा बसते. कुणी मुद्दाम बसवत नाही. एखाद्या दिवशी सहज बोट फिरवलं की कळतं, अरे, केवढी जमली! आमच्या ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच झालं. मी बोट फिरवलं ते एका फॉर्ममुळे. पण त्याआधी एका मंगळवारचं सांगायला हवं, कारण तो फॉर्म माझ्यापर्यंत आला तो त्या मंगळवारामुळे.

तसा तो अगदी साधा दिवस होता. एका टॉवेलवाल्याच्या वेबसाइटसाठी मी पानाचं शीर्षक लिहीत होते. साठ अक्षरांत बसवायचं होतं, एकसष्ट होत होती. पलीकडे रफिकभाई काहीतरी सांगत होते आणि सगळे हसत होते. प्रकाश, म्हणजे माझा नवरा आणि या ऑफिसचा मालक, सकाळीच श्रीपूरला गेला होता. तिथल्या एका ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानाची मॅपवरची पिन भलतीकडेच, उसाच्या फडात दिसत होती. अशी कामं बसल्या जागी करता येतात. पण प्रकाश स्वतः जायचा.

सव्वाबाराला फोन आला. दुकानदार बोलत होता. "पिन जागेवर बसली बघा ताई. सायेबांनीच बसवली. मग च्या मागवला, आन्..." त्याने फोन दुसऱ्या कुणाला दिला, त्या माणसाने सांगितलं.

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग समोरच्या शीर्षकातला ‘उत्तम’ हा शब्द काढला. सत्तावन्न अक्षरं झाली. मग उठले आणि सगळ्यांना सांगितलं.

* * *

प्रकाश गेल्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा ऑफिसला गेले. अशोक चौकाजवळ एका सुताच्या गोदामावर आमच्या दोन खोल्या आहेत. प्रकाशच्या खुर्चीवर पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवलेला होता.

"हे काय काका?" मी विचारलं.

दत्ताकाका मंगळवेढ्याचे. एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं बसून रिटायर झाले आणि आमच्याकडे आले.

"वहिनी, मोकळी खुर्ची दिसली की पब्लिक इचारतंय. जार दिसला की पानी पितंय आन् जातंय."

जार अजून तिथेच आहे. पाणी मात्र रोज संपतं!

* * *

आता फॉर्म.

आमचं काम एसइओचं. म्हणजे लोक मोबाइलवर काही शोधतात तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचं पान वरती दिसावं, यासाठी करायची सगळी खटपट. यातलं बहुतेक काम आम्हाला पुण्याच्या एका एजन्सीकडून येतं. त्या एजन्सीने नवीन नियम काढला की, काम करणाऱ्या प्रत्येकाची व्यावसायिक पार्श्वभूमी कळवा. फॉर्म ऑनलाइन. पार्श्वभूमी लिहायची नाही, यादीतून निवडायची. संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, मार्केटिंग, पत्रकारिता. आणि सगळ्यात खाली, ‘इतर’.

‘इतर’ निवडलं की एक रिकामा चौकोन उघडतो. "ही पार्श्वभूमी या कामाला कशी उपयुक्त आहे ते शंभर शब्दांत लिहा." खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की, खुलासा समाधानकारक वाटला नाही तर त्या व्यक्तीला यापुढे काम दिलं जाणार नाही.

आमचं अख्खं ऑफिस ‘इतर’!

दत्ताकाकांना पेन्शन आहे. रफिकभाईंच्या मुलांचं दुकान आहे. मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, माझं काही अडणार नाही. प्रश्न लक्ष्मीअक्काचा. अक्का सातवी शिकलेली. आमच्याकडे येण्याआधी बावीस वर्षं विडी कारखान्यात. तिथली तंबाखूची धूळ तिच्या छातीत बसलेली आहे. पुन्हा त्या कामाला गेलात तर मी औषध देणार नाही, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय. आणि सातवी शिकलेल्या बावन्न वर्षांच्या बाईला शहराच्या आमच्या पूर्व भागात दुसरं कोणतं काम मिळतं, हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे.

फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा होता. मी एकेकाचे शंभर शब्द लिहायला बसले. शंभर शब्द काही झाले नाहीत. किस्से मात्र झाले.

* * *

आधी सांगते, प्रकाशने ही माणसं निवडली कशी. तो मुलाखतीत एकच प्रश्न विचारायचा. "तुम्ही शेवटचं काय शोधलंत, जे सापडलं नाही?"

रफिकभाई म्हणाले, "चप्पल. साडू के बेटे के शादी में."

दत्ताकाका म्हणाले, "चष्मा. मग घावला. डोक्यावरच हुता."

एक इंजिनिअर आला होता, हातात सहा सर्टिफिकेटं. त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, "सर, नोकरी." प्रकाशने त्याला घेतलं. दोन महिन्यांनी त्याला नोकरी सापडली. गेला!

अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "माझं सगळं सापडतं."

"सगळं?"

"औनु," अक्का म्हणाली. तेलुगूत ‘होय’. ठाम बोलायचं असलं की ती माहेरच्या भाषेत बोलते.

"उद्यापासून या," प्रकाश म्हणाला.

* * *

रफिकभाई चाटी गल्लीत चादरी-टॉवेलच्या काउंटरवर तेवीस वर्षं उभे होते. बसले ते आमच्याकडेच येऊन. "वहिनी, यहाँ खुर्ची मिलती बोल के आया मैं," असं ते सगळ्यांना सांगतात.

एसइओत ‘कीवर्ड’ नावाचा एक प्रकार असतो. लोक शोधताना नेमके कोणते शब्द टाकतात, ते शब्द. त्यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअर आहेत. आमच्याकडे रफिकभाई आहेत.

एका चादरीच्या कारखानदाराचा मुलगा मीटिंगला आला होता. पुण्यात शिकून नुकताच परतलेला. त्याला पानावर ‘प्रीमियम’, ‘लक्झरी’, ‘आर्टिझनल’ असे शब्द हवे होते. रफिकभाई सगळं ऐकत होते. मग त्यांनी त्याच्याच कारखान्याची चादर टेबलावर पसरली, अक्काला समोर बसवलं आणि मुलाला म्हणाले, "शेठ, बेचो. ये कस्टमर है."

मुलगा हसला, पण उभा राहिला. "मॅडम, हे शंभर टक्के कॉटन आहे. जकार्ड वीव्ह. प्रीमियम फिनिश."

अक्काने चादरीचं टोक चिमटीत धरून चोळलं. "किती वर्षं जाईल?"

"मॅडम, याचं जीएसएम..."

"ते नाही विचारलं. माझ्या लग्नात आईनं दिलेली अजून आहे. मुलीला द्यायची आहे. ही किती वर्षं जाईल?"

मुलाने रफिकभाईंकडे पाहिलं. रफिकभाई माझ्याकडे वळले.

"लिखो वहिनी. ‘मुलीला लग्नात द्यायला चादर, किती वर्षं टिकते.’ येइच कीवर्ड है."

"पण असं कोण शोधतं?" मुलगा म्हणाला.

"तुम्हारे अब्बा के सब कस्टमर," रफिकभाई चादरीची घडी घालत म्हणाले. "तुम उनको प्रीमियम बोल के भगा रहे."

पान तसंच केलं. ते वर आलं, ऑर्डरी आल्या, हे सगळं झालं. पण मला आवडतं ते पुढचं. आठवड्याने त्या मुलाचा मला फोन आला. "मॅडम, खरंच किती वर्षं टिकते हो? कारखान्यात कुणालाच माहीत नाही!"

* * *

दत्ताकाकांचं शास्त्र वेगळं. "मानूस खिडकीवर इचारतो एक, त्याला पायजे असतंय दुसरं," हे ते इतक्यांदा सांगतात की मी शाळेत असते तर फळ्यावर लिहिलं असतं. "बाई इचारती, अक्कलकोट गाडी कवा हाय? गाडी समोर हुबी असती. तिला दिसती की! तिला इचारायचं असतंय, संध्याकाळी परत यायला घावंल का."

एका दाताच्या डॉक्टरांच्या वेबसाइटचं काम होतं. लोक सगळ्यात जास्त शोधत होते, ‘दात काढायला किती वेळ लागतो’. डॉक्टरांनी स्वतः उत्तर लिहून पाठवलं होतं. आठशे शब्द! त्यात जबड्याची रचना होती, मुळांचे प्रकार होते, दोन आकृत्या होत्या. वेळ कुठेच नव्हता.

प्रकाशने तो कागद काकांपुढे ठेवला. काकांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "गाडीचं इंजिन समजावून सांगितलंय. सुटनार कवा, ते न्हाई."

"मग तुम्ही लिहा."

काका बोलले आणि मी लिहून घेतलं. जरा पुस्तकी करून, पण त्यांचंच. "दात दहा मिनिटांत निघतो. भीतीत मात्र आदला अख्खा दिवस जातो. दुपारी या, सकाळी गर्दी असते. जेवून या. सोबत कुणाला तरी आणा."

डॉक्टर भडकले. "हे काय मेडिकल कंटेंट आहे?" प्रकाश म्हणाला, "महिनाभर ठेवून बघू." महिन्याभरात ते उत्तर शोधणाऱ्यांना सगळ्यात वर, चौकटीत दिसायला लागलं. आणि एक दिवस डॉक्टरांचा फोन. प्रकाशने स्पीकरवर टाकला.

"ते ‘सोबत कुणाला तरी आणा’ तेवढं काढा हो! एकेका दातामागं चार-चार माणसं येतायत. काल एकाचा दात, आणि बाहेर अख्खी भावकी! बसायला खुर्च्या नाहीत!"

पलीकडून काका ओरडले, "खुर्च्या वाढवा की!"

* * *

अक्काचा किस्सा सांगताना मला थोडं सावरून बसावं लागतं, कारण त्या दिवशी आमचं ऑफिस बंद पडायची वेळ आली होती.

अक्का कारखान्यात चेकर होती. बायका घरून विड्या वळून आणतात, चेकर त्या बंडलातून बोटं फिरवते आणि सैल, वाकडी, फाटक्या पानाची विडी बाजूला काढते. तिला ‘छाट’ म्हणतात. एका बंडलाला काही सेकंद. बघायचंसुद्धा नाही, बोटांना कळतं.

प्रकाशने तिला वेबसाइटची पानं तपासायचं काम दिलं. मोठ्या साइटवर हजारभर पानं असतात. त्यातली काही उघडत नाहीत, काहींवर शिळी माहिती असते, काही एकाच मजकुरात फक्त गावाचं नाव बदलून केलेली असतात. अशी पानं शोधायची. सॉफ्टवेअर पुष्कळ शोधतं, सगळी शोधत नाही.

पहिल्याच आठवड्यात एजन्सीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची साइट तिच्याकडे दिली. दुपारी साडेतीनला पुण्याहून फोन. "सर, साइटवरची चाळीस पानं गायब आहेत! हॅक झालंय का?"

प्रकाश मागे वळला. अक्का शांतपणे माउस फिरवत होती.

"अक्का, ती चाळीस पानं...?"

"छाट होती."

"मग?"

"मोडली."

रफिकभाईंनी चहाचा कप अलगद खाली ठेवला.

"अक्का," प्रकाश हळू आवाजात म्हणाला, "खराब पानं आधी दाखवायची असतात. मोडायची नसतात."

"अय्यो! दाखवून कसं चालेल?" अक्का आता खरोखरच गोंधळली. "आमच्याकडं छाट तिथंच मोडतात. न मोडता बाजूला ठेवली तर बाया उद्या त्याच विड्या दुसऱ्या बंडलात घालून आणतात!"

प्रकाशने बॅकअपमधून चाळीसच्या चाळीस पानं परत आणली. पुण्याच्या लोकांची माफी मागितली. मग खुर्ची ओढून अक्काशेजारी बसला आणि ती पानं एकेक करून स्वतः वाचली. दीड तास लागला. त्यानंतर पुण्याला फोन करून परवानगी घेतली आणि सदतीस पानं त्याने स्वतःच्या हाताने उडवली.

"तीन चांगली होती," तो अक्काला म्हणाला.

अक्काने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "तीन? मग हात बिघडला माझा!"

* * *

प्रकाश आधी विजेचे मीटर वाचायचा. पंधरा वर्षं. सोलापुरातलं कोणतंही घर त्याला मीटरच्या जागेवरून आठवायचं. लग्नाला गेलो तरी आधी मीटर. "यांचा जिन्याखाली आहे," असं माझ्या कानात सांगायचा. जणू काही यजमानांचं गुपितच!

एका मंगल कार्यालयाचं काम आमच्याकडे होतं. मालक एक दिवस पेढे घेऊन आला. त्याच्या कार्यालयाला मॅपवर भराभर पाच-पाच तारे मिळत होते. लोक लिहीत होते, ‘जेवण अप्रतिम’, ‘शेंगाचटणी तर विचारूच नका’.

प्रकाशने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "तुमच्याकडे शेंगाचटणी असते?"

मालक विचारात पडला. "नसते."

प्रकाश स्कूटर काढून गेला आणि तासाभराने परत आला. पिन शेजारच्या कार्यालयावर पडली होती. लोक मॅप बघून शेजारी जात होते, शेजारी जेवत होते आणि तारे याला देत होते!

"राहू दे की मग," मालक म्हणाला. "कुणाचं काय बिघडतंय?"

"ज्याचा मीटर, त्याचं रीडिंग," प्रकाश म्हणाला आणि त्याच्यासमोरच पिन सरकवली.

मालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेला. अर्धा शिल्लक होता!

* * *

एजन्सीने एकदा आम्हाला ‘टीम स्किल्स’ शिकवायला प्राजक्ता नावाची मुलगी पाठवली होती. हुशार, हसरी. तिने आम्हाला गोल बसवलं आणि म्हणाली, "आता प्रत्येकाने आपल्या डावीकडच्या व्यक्तीमधली एक चांगली गोष्ट सांगायची."

आमच्याकडे माणसाला तोंडावर चांगलं म्हणायची पद्धत नाही. तसं म्हटलं की समोरचा विचारतो, काय काम होतं?

शेवटी रफिकभाईंनी सुरुवात केली. "काका कभी ‘मालूम नहीं’ नहीं बोलते. मालूम नहीं रहा तो भी."

काका अक्काकडे बघून म्हणाले, "अक्काच्या डब्यातलं कालवण लई झ्याक असतंय." प्राजक्ता म्हणाली, "काका, कामाबद्दल." काका म्हणाले, "कामाबद्दलच सांगतोय की! दुपारी समदी एका जाग्यावर जेवतो. भांडन ऱ्हातंय कुटं?"

अक्का प्रकाशकडे न बघताच म्हणाली, "सर ऐकतात."

मग प्रकाशची पाळी. त्याच्या डावीकडे मी. मला वाटलं, आता चारचौघांत हा काय बोलतोय! तो म्हणाला, "ही खोडते. मी लिहितो ते निम्मं खोडते. जे उरतं त्यावर ऑफिस चालतं."

माझ्या डावीकडे रफिकभाई. मी त्यांच्याबद्दल काय बोलले ते आता आठवत नाही.

प्राजक्ताने फळ्यावर लिहिलं, ‘उत्तर देणे, कालवण, ऐकणे, खोडणे’. मग एक पाऊल मागे सरून ती फळ्याकडे बघत राहिली. "हे मी पुण्यात प्रेझेंट कसं करू?"

* * *

आणि आता त्या शुक्रवारचं.

चौकोन मी भरले होते. अक्काचा सगळ्यात शेवटी. शंभर शब्दांत ती मावेना. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं, "बावीस वर्षं विडी कारखान्यात चेकर. खराब माल हाताला कळतो." दहासुद्धा शब्द नाहीत.

अकरा वाजता पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. प्राजक्ता होती आणि तिच्या शेजारी तिचे साहेब. प्राजक्ता आधी प्रकाशबद्दल दोन वाक्यं बोलली, मनापासून. मग साहेब सरळ मुद्द्यावर आले. काका आणि रफिकभाई यांच्याबद्दल त्यांची हरकत नव्हती.

"पण लक्ष्मी... हे काय आहे? विडी कारखाना?"

"मीच ती," अक्का म्हणाली. पदर खांद्यावरून घेऊन ती ताठ बसली होती. सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"हे बघा मावशी, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण पानं तपासायला आता आमच्याकडे एआय टूल आहे. हजार पानं चार मिनिटांत. मग हे काम माणसाला का द्यायचं, ते तुम्हीच सांगा."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "ते टूल दाखवता?"

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी स्क्रीन दाखवला. त्यांच्या स्वतःच्या एजन्सीची साइट टूलने तपासली होती. सगळं हिरवं. शंभरपैकी शंभर.

"पानं दाखवा," अक्का म्हणाली. "एकेक. भराभर."

साहेब पानं सरकवत गेले. सेवा, गिऱ्हाइकं, लेख, पुरस्कार. अक्काची उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती. रफिकभाई आणि काका तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"थांबा. हे छाट."

साहेब थांबले. पुरस्काराचं पान होतं. "का?"

"वरती पाच म्हणता, खाली चारच आहेत."

प्राजक्ताने मोजले. चारच होते.

"पुढं," अक्का म्हणाली. सात-आठ पानं गेली. "हे पण छाट. हा मजकूर मगाशी नागपूरच्या पानावर होता. तिथं नागपूर, इथं नाशिक. बाकी तेच."

साहेबांनी टूलकडे पाहिलं. टूल हिरवंच होतं.

"पुढं."

पुढचं पान आलं. ‘आमचे सहकारी, सोलापूर’. त्यावर प्रकाशचा फोटो होता. चेक्सचा शर्ट, तोच हसरा चेहरा, मागे आमची खिडकी. खाली त्याचा मोबाइल नंबर आणि ‘आत्ता फोन करा’ असं निळं बटण.

अक्काची बोटं थांबली.

"मावशी?" साहेबांनी विचारलं. आवाज उतरला होता. "हे पण...?"

"हे पण छाट," अक्का म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्राजक्ता," ते म्हणाले, "तो फॉर्म राहू दे. सोमवारपासून आपली साइट आधी मावशींकडे पाठवायची, मग टूलकडे." मग त्यांनी माउस त्या पानावरच्या ‘डिलीट’वर नेला आणि अक्काला विचारलं, "हे आत्ताच काढून टाकतो. चालेल ना?"

"मी नाही सांगणार," अक्का म्हणाली. "वहिनींना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, सोमवारी कळवते.

त्याला आता दोन महिने होत आले. मी अजून कळवलेलं नाही.